गोळीबार थांबल्यानंतरची तीस पावले

(धामणगाव रेल्वे येथे शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. कापूस, तूर आणि सोयाबीन पिकविणाऱ्या या मुलखात बंदुकीची चर्चा कशासाठी, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु थोडा विचार केला तर बंदूक आपल्यापासून फारशी दूर नाही, असे दिसून येईल. आपल्या महाविद्यालयांतील मुले-मुली राष्ट्रीय छात्रसेनेत जातात व नेमबाजीचा पहिला धडा तेथे घेतात. खेड्यापाड्यांतील तरुण पोलीस दलात, राज्य राखीव पोलीस दलात आणि सैन्यात भरती होतात. रानडुकरे आणि रोही यांच्या उपद्रवाने हैराण झालेल्या काही कास्तकारांजवळ पीकसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक असते. त्यात २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळविल्यापासून नेमबाजी हा खेळ ग्रामीण मुलांनाही आपलासा वाटू लागला आहे. ही गोष्ट आनंदाची आहे. मात्र जेथे शस्त्र आले तेथे शिस्तही आली पाहिजे, आणि ती शिस्त शिकविण्याची जबाबदारी केवळ गणवेशातील माणसांची नाही.

नेमबाजीच्या मैदानाला आपल्याकडे चांदमारी म्हणतात. चांदमारीवरील धोका कोणता, असे विचारले तर बहुतेक जण सांगतील की गोळ्या सुटत असतात तो. हे उत्तर अपुरे आहे. गोळीबार चालू असताना सर्वांचे लक्ष जागे असते; नेम धरणारा पुढे पाहत असतो, अधिकारी त्याच्याकडे पाहत असतो. खरा धोका गोळीबार थांबल्यानंतर सुरू होतो. निशाणे तपासण्यासाठी आपण बंदुकी मागे ठेवतो आणि लक्ष्यफलकांकडे चालू लागतो. छात्रसेनेच्या पंचवीस मीटरच्या मैदानावर हे अंतर तीस-पस्तीस पावलांचे असते. एरवी जेथे पाऊल टाकण्याची कोणाचीही छाती होणार नाही, त्या जागेतून आपण बंदुकीकडे पाठ करून चालत असतो. या तीस पावलांविषयीच मी आज बोलणार आहे.

एक जुनी आठवण

मी महाविद्यालयात असताना छात्रसेनेत होतो. एका शिबिरात आमच्या तुकडीचा .२२ रायफलचा गोळीबार होता. प्रत्येकास पाच गोळ्या मिळाल्या होत्या. संध्याकाळ होत आली होती, माघारी नेणारी गाडी येऊन उभी होती आणि अजून दोन पाळ्या शिल्लक होत्या. गोळीबार थांबविण्याचा हुकूम झाला. रायफलींची तपासणी झाली. परंतु घाईत झाली, आणि रांगेतील शेवटच्या रायफलीपर्यंत ती पोचलीच नाही. आम्ही सात-आठ जण कोणाच्या गोळ्या कोठे लागल्या याची उत्सुकता मनात घेऊन फलकांकडे निघालो.

अर्ध्या वाटेवर मागून उस्तादांची आरोळी ऐकू आली. वळून पाहतो तो पुढच्या पाळीतील एक छात्र सतरंजीवर पालथा पडून, आपली पाळी येण्यापूर्वी थोडा सराव करावा म्हणून, रायफल खांद्याला लावून नेम धरीत होता. उस्तादांनी धावत जाऊन रायफलीची नळी बाजूच्या मातीकडे दाबली आणि बोल्ट मागे ओढला. आतून एक काडतूस सतरंजीवर पडले. आधीच्या छात्राने पाचवी गोळी भरली होती, पण ती सोडण्यापूर्वीच हुकूम झाला होता. आपण पाचही गोळ्या झाडल्या, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

उस्ताद कोणावर ओरडले नाहीत. सर्वांना त्यांनी खाली बसविले आणि म्हणाले, "रायफल भरलेली राहिली, ही एक चूक. तिला हात लागला, ही दुसरी. यांतली एकच झाली तर माणूस वाचतो. दोन्ही एका वेळी झाल्या की माणूस जातो." त्या दिवशी आम्ही वाचलो ते केवळ दैवाने. माझ्या पाठीमागे ती नळी किती क्षण रोखलेली होती, हे मला आजही ठाऊक नाही.

दोन कुलुपे

उस्तादांच्या त्या बोलण्यात सुरक्षिततेचे सारे तत्त्व आले आहे. पुढे चालणाऱ्या माणसाचे रक्षण दोन कुलुपे करतात. शस्त्र रिकामे असणे हे पहिले कुलूप, आणि शस्त्राला कोणाचाही हात न लागणे हे दुसरे. एक कुलूप विसरले तरी दुसऱ्याने भागावे, म्हणून ही दोन वेगवेगळी ठेवली आहेत. "रिकामी तर आहे, हात लावला म्हणून काय बिघडते?" असे म्हणणारा मनुष्य दुसरे कुलूप आपल्या हाताने काढून टाकतो आणि सारा भरवसा पहिल्यावर ठेवतो.

आता पहिले कुलूप कसे लावावयाचे ते पाहू. थांबण्याचा हुकूम होताच बोट घोड्यावरून काढावे व नळी लक्ष्याकडेच ठेवावी. मॅगझीन असलेल्या शस्त्रात आधी मॅगझीन काढावे आणि मग बोल्ट मागे ओढावा. हा क्रम महत्त्वाचा आहे. बोल्ट आधी ओढून पुन्हा पुढे नेला तर आतील गोळी बाहेर पडते खरी, परंतु मॅगझीनमधील दुसरी गोळी तिच्या जागी जाऊन बसते. आणि मग मॅगझीन काढूनही बंदूक भरलेलीच राहते. बोल्ट उघडल्यावर आतील पोकळी डोळ्यांनी पाहावी, उजेड कमी असेल तर बोटाने चाचपावी, आणि बोल्ट उघडाच ठेवावा. उघडा बोल्ट लांबूनही दिसतो. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत तर नळीत भडक रंगाची सुरक्षा-दोरी घालून ठेवावी लागते. दोरी आत आहे याचा अर्थ गोळी आत नाही, हे पाहणाऱ्यास चटकन कळते.

चाप ओढूनही गोळी सुटली नाही, तर अधिक सावधगिरी हवी. काही वेळा बार क्षणभर उशिराने पेट घेतो. अशा वेळी नळी लक्ष्याकडे धरून किमान तीस सेकंद थांबावे, हात वर करून अधिकाऱ्यास कळवावे, आणि त्या शस्त्राचा निकाल लागेपर्यंत कोणीही पुढे जाऊ नये.

ठासणीच्या बंदुकीची गोष्ट निराळी आहे. तिच्यातील बार सहजासहजी बाहेर काढता येत नाही. टोपी काढली म्हणून ती रिकामी झाली, असे मानू नये. अशी बंदूक भरलेली असताना तिच्यापुढे कोणी जाताच कामा नये.

दुसरे कुलूप मनुष्यांच्या वागण्याचे आहे. शस्त्रे जमिनीवर अथवा मेजावर नळ्या लक्ष्याकडे करून ठेवावीत, आणि सर्वांनी त्यांच्यामागे आखलेल्या रेषेपलीकडे जावे. अधिकाऱ्याने प्रत्येक शस्त्र स्वतः पाहावे. रांगेतील पहिले जितक्या काळजीने पाहिले, तितक्याच काळजीने शेवटचे पाहावे. त्यानंतरच पुढे जाण्याची परवानगी मोठ्याने द्यावी. कानांत बोळे असलेल्यांना शब्द ऐकू येत नाहीत, म्हणून शिटी आणि बावटा यांचीही जोड असावी. माणसे पुढे असेपर्यंत मागे राहिलेल्यांनी शस्त्रास, मॅगझीनास किंवा काडतुसांच्या पेटीस हात लावू नये; साफसफाई नको, रिकाम्या रायफलीने नेम धरणे नको, दुर्बिणीतून पाहणे नको. शस्त्रांजवळ एक जबाबदार मनुष्य राखणीस उभा करावा. आपले शस्त्र खांद्याला अडकवून फलकांकडे जाण्याचा मोह कोणी धरू नये. परत आल्यावर डोकी मोजावीत. जितके गेले तितके आले, याची खात्री होईपर्यंत पुढचा हुकूम देऊ नये.

आणखी एक नियम ध्यानात ठेवावा. गोळीबार सुरू करण्याचा हुकूम एकटा अधिकारी देतो. पण धोका दिसला तर "थांबा" म्हणण्याचा अधिकार तेथील प्रत्येकास आहे, मग तो सर्वांत लहान छात्र का असेना. ज्या मैदानावर लहानाला हे धैर्य होते, ते मैदान सुरक्षित समजावे.

रुळावरचा लाल बावटा

धामणगावच्या नावातच रेल्वे आहे, म्हणून येथील मंडळींना हे समजण्यास वेळ लागू नये. रुळावर काम करणारी माणसे, ज्यांना आपण पिढ्यान्‌पिढ्या गँगमन म्हणत आलो, काम सुरू करण्यापूर्वी ठरलेल्या अंतरावर लाल बावटा लावतात. "या वेळी गाडी येत नाही" एवढ्या भरवशावर ती रुळांत वाकत नाहीत. खांबावर चढणारा लाइनमनही प्रवाह बंद झाल्याची खात्री करून घेतो, आणि तो खाली उतरेपर्यंत कोणी खटका वर करू नये, अशी व्यवस्था करतो. गोळीबार चालू असताना चांदमारीवर फडकणारा लाल बावटा याच जातीचा आहे. फरक इतकाच की, गाडी येताना दिसते, ऐकू येते; गोळीचे तसे नाही. .२२ सारख्या लहान रायफलीची गोळीसुद्धा अनुकूल कोनात सुटली तर सुमारे दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. मैदानाच्या टोकाला मातीचा उंच बांध असतो तो याचसाठी.

मैदानाबाहेरची माणसे

येथून जवळच, वर्धा जिल्ह्यात, पुलगावचे मध्यवर्ती दारूगोळा भांडार आहे. ३१ मे २०१६ रोजी तेथे लागलेल्या आगीत दोन लष्करी अधिकाऱ्यांसह आग विझविणारे अनेक कर्मचारी कर्तव्यावर असताना मृत्युमुखी पडले. पुढे २० नोव्हेंबर २०१८ रोजी, सोनेगाव आबाजी या गावाच्या परिसरात जुना दारूगोळा नष्ट करण्याचे काम चालू असताना स्फोट होऊन सहा जणांचा मृत्यू झाला. त्यांत आसपासच्या खेड्यांतील मजूर होते. आपल्यासारखेच शेतीवर पोट भरणारे, चार पैसे अधिक मिळावेत म्हणून कामाला गेलेले ते लोक होते.

रायफलीचे मैदान आणि दारूगोळा नष्ट करण्याची जागा या वेगळ्या गोष्टी आहेत. पण आपल्यासाठी बोध एकच. काम संपल्यासारखे दिसणे म्हणजे धोका संपणे नव्हे. सैन्याच्या किंवा पोलिसांच्या सरावाच्या जागेत पितळेच्या अथवा तांब्याच्या तुकड्यांसाठी शिरणे म्हणजे भरलेल्या नळीपुढे चालत जाणेच आहे. सापडलेली वस्तू ओळखू येत नसेल तर तिला हात लावू नये, जागेची खूण लक्षात ठेवावी आणि पोलीस पाटलांना किंवा ठाण्याला कळवावे. शिक्षकांनी ही गोष्ट मुलांना वर्षातून एकदा तरी सांगावी. भंगार वेचणाऱ्या घरांपर्यंत ती पोचावी, हे पंचायत सदस्यांनी पाहावे.

कायदा आणि आपण

शस्त्र अधिनियम, १९५९ आपणांस माहीत आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनी परवाना मागणाऱ्यास शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाची अट घातली. २०१९ च्या दुरुस्तीने तर निष्काळजीपणे किंवा आनंदोत्सवात गोळी झाडून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद केली. वरातीत हवेत बार काढणे हे आता शौर्याचे लक्षण राहिलेले नाही. पिकाच्या रक्षणासाठी बंदूक बाळगणाऱ्यानेही हे जाणावे की, बंदुकीचा परवाना म्हणजे वन्यप्राणी मारण्याची परवानगी नव्हे. त्यासाठी वन विभागाची वेगळी अनुमती लागते. रात्री शेतात राखणीला चार माणसे असतील तर चांदमारीचाच नियम तेथे लागू होतो. सोबती पुढे गेला असेल, तर तो परत येईपर्यंत बंदूक रिकामी आणि हातावेगळी असावी. अंधारात हलणारे झुडूप रानडुक्कर आहे की आपला शेजारी, हे गोळीला कळत नाही.

मित्रहो, अमरावतीच्या मातीला व्यायामाची आणि शिस्तीची जुनी परंपरा आहे. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९१४ पासून ती जोपासली आहे. अंगात बळ आले की ते आवरण्याचे शिक्षणही हवे, हे आखाड्यात प्रत्येक वस्ताद शिकवितो. बंदुकीच्या बाबतीत ते आवरणे म्हणजे काही क्षण स्वस्थ उभे राहणे, एवढेच आहे. पुढे गेलेला माणूस आपल्यावर भरवसा ठेवून गेला आहे. तो परत येईपर्यंत हात मागे बांधून उभे राहावयाचे आहे.

त्या संध्याकाळी आमच्यापैकी कोणाला आपले निशाण कोठे लागले होते, हे आज आठवत नाही. सतरंजीवर पडलेले ते एक काडतूस मात्र आठवते. आपल्या गावातील एखादा मुलगा किंवा मुलगी उद्या चांदमारीवर जाणार असेल, तर निघण्यापूर्वी त्यांना या तीस पावलांविषयी सांगा, एवढीच माझी आपणांस विनंती आहे.