बेलापूरचा बुरूज



बेलापूर म्हटले की आज आपल्यासमोर उभ्या राहतात त्या उंच कचेऱ्या. परंतु पनवेलच्या खाडीच्या तोंडाशी वसलेले हे गाव त्यांच्याहून कितीतरी जुने आहे. खाडीतून जाणाऱ्या गलबतांवर नजर ठेवणारा येथील किल्ला सिद्दी, पोर्तुगीज आणि मराठे अशा तीन सत्तांच्या हाती गेला. १८१७ साली इंग्रजांनी तो घेतला व त्याची मोडतोड केली. आता एक बुरूज आणि काही पडक्या भिंती तेवढ्या उरल्या आहेत.

शेजारच्या दिवाळे गावच्या कोळ्यांचा देव बहिरी हा समुद्रात राहतो. दिवाळीत कोळी होड्या घेऊन निघतात, पाण्यात बुड्या मारून त्याला शोधतात आणि वाजतगाजत गावी आणतात.

१९७० साली सिडको स्थापन झाली. शेते गेली, मिठागरे गेली, नगर उभे राहिले. १९८४ च्या जमीन-आंदोलनात पाच जणांनी प्राण दिले, तेव्हा कोठे भूमिपुत्रांना साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क मिळाला.

किल्ला इंग्रजांनी मोडला, हे खरे. पण उरलेला बुरूज ढासळला, तर बोल कोणाला लावणार? दिवाळ्याचे कोळी आपला देव दरवर्षी नव्याने शोधतात. आपणही आपले गाव तसेच शोधीत राहिले पाहिजे.