दुखणे बरे झाल्यानंतरही
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. सभेत बोलण्याची सवय नाही. पण चिटणीसबाईंनी आग्रह केला आणि सांगण्यासारखे काही माझ्यापाशी आहे, म्हणून चार शब्द बोलते.

मशेरी, तंबाखू, सुपारी यांच्यापायी तोंडाचा कॅन्सर होतो हे आपल्याला ठाऊक आहे. माझ्या थोरल्या जाऊबाईंना अकरा वर्षांपूर्वी डाव्या गालाचा कॅन्सर झाला. शस्त्रक्रिया झाली, गालाला व मानेला शेक दिले आणि त्या बऱ्या झाल्या. गेल्या वर्षी पोळ्या करताना त्यांच्या उजव्या हातातून लाटणे गळून पडले, बोलणे बोबडे झाले. दहा मिनिटांत सारे पूर्ववत! "पित्त असेल," म्हणून त्या पुन्हा पोळपाटाकडे वळल्या. पण पुतण्याने ऐकले नाही. तसेच इस्पितळात नेले. मानेची डॉपलर सोनोग्राफी केली, तेव्हा डावीकडची शीर फार अरुंद झालेली आढळली.

डॉक्टरांनी सांगितले ते असे. मेंदूला रक्त पोचवणाऱ्या दोन मोठ्या शिरा मानेच्या दोन्ही बाजूंनी वर जातात. कॅन्सर मारणारे किरण या शिरांनाही लागतात. आतले अस्तर दुखावते, शीर जाड होते, चरबीचा थर धरतो. हे वर्षानुवर्षे मुकाट्याने चालते. तिथली गुठळी मेंदूत गेली की पक्षाघात होतो. डाव्या मेंदूच्या ताब्यात उजवे अंग आणि बहुतेकांची वाचा असते. येऊन गेलेला झटका ही मोठ्या झटक्याची वर्दी असते.

म्हणून शेक घेऊ नयेत, असा अर्थ मात्र कोणी काढू नका. शेक मिळाले म्हणूनच जाऊबाई आज नातवंडे खेळवीत आहेत. त्यांच्या शिरेत बारीक जाळीची नळी बसवली. रक्त पातळ ठेवण्याच्या व कोलेस्टेरॉलच्या गोळ्या चालू आहेत.

ज्यांच्या मानेला शेक दिलेले आहेत, त्यांनी कितीही वर्षे लोटली तरी डॉक्टरांना तसे आवर्जून सांगावे आणि मानेच्या शिरा तपासायच्या का, हे विचारावे. या तपासणीत सुई नाही, दुखणे नाही. रक्तदाब व साखर ताब्यात ठेवावी. मशेरीचा डबा घरातून कायमचा घालवावा.

तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले किंवा एका डोळ्यापुढे पडदा आला, तर वेळ पाहून ठेवा आणि १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. घरी पाणी पाजू नका, मनाने गोळी देऊ नका. मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव, हे स्कॅनशिवाय कळत नाही.

आपण बायका घरातल्या साऱ्यांची दुखणी काढतो आणि आपल्या दुखण्याला पित्त म्हणतो. एवढी सवय सोडू या.