आकाशपाळणा आणि घरातला पाळणा

भिवपुरी रोड स्टेशनजवळच्या माझ्या दवाखान्यात मे महिना किंवा दिवाळीची सुटी जवळ आली की एक प्रश्न हमखास येतो. ‘डॉक्टर, घरातले सगळे इमॅजिकाला निघालेत. मी गेले तर चालेल का?’ खोपोली-पाली रस्त्यावर हे उद्यान २०१३ साली सुरू झालं. त्याआधी हाच प्रश्न साजगावच्या यात्रेतल्या आकाशपाळण्याबद्दल असायचा. सगळं ठीक असेल तर माझं उत्तर असतं: जरूर जा, पण कशात बसायचं आणि कशात नाही, ते घरूनच ठरवून जा.

याचं कारण समजून घ्या. बाळाला रक्तातून प्राणवायू पोचवते ती वार. ती गर्भपिशवीच्या भिंतीला चिकटलेली असते. पिशवी ताणली जाते, वार मात्र तेवढी ताणली जात नाही. गाडी वेगात असताना एकदम थांबली किंवा उंचावरून खाली आली, तर त्या झटक्याने वार भिंतीपासून सुटू शकते. रक्तस्राव आतल्या आत होतो, कधी बाहेर दिसतही नाही. त्यात मांडीवर येणारा सुरक्षेचा दांडा पोटावर दाबला जातो तो वेगळाच. किती झटका चालेल, याचं माप कुणाकडे नाही. गरोदर बाईवर तसा प्रयोग कोण करणार? म्हणून ‘नायट्रो’सारखे रोलर कोस्टर, उंचावरून सोडणारे पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या आणि एकमेकांवर आपटणाऱ्या गाड्या पूर्ण वर्ज्य. काही खेळ बाहेरून सिनेमागृहासारखे दिसतात, पण आत खुर्ची हलते. तेव्हा दारावरचा फलक वाचा, तिथल्या माणसाला विचारा.

खरी अडचण होते ती पहिल्या तीन महिन्यांत. आपल्याकडे बातमी लगेच फोडत नाहीत. पोट दिसत नाही, आणि नणंदा-दीर हात धरून ओढतात, ‘वहिनी, घाबरता काय?’ ती बिचारी सांगूही शकत नाही आणि नाहीही म्हणू शकत नाही. अशा वेळी नवऱ्याने पुढे व्हावं. ‘तिला चक्कर येते, आम्ही दोघं इथेच थांबतो,’ एवढं पुरे. दिवस गेल्याचं माहीत नसताना कुणी बसून आली असेल, तर तिला बोल लावू नका. त्या दिवसांत गर्भपिशवी ओटीपोटाच्या हाडांच्या आड असते. घाबरू नये, डॉक्टरांना सांगून ठेवावं.

रक्तदाब, खाली असलेली वार, आधी झालेला रक्तस्राव किंवा भरत आलेले दिवस असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. बाकीच्यांनी सकाळी पोटभर खाऊन निघावं. मोटारीत पट्टा लावाच. त्याचा खालचा भाग पोटाखालून, मांड्यांच्या वर घ्या, वरचा छातीच्या मधून. उन्हात रांगेत उभं राहू नका, पाणी पीत राहा, लघवी रोखू नका. पोटात दुखलं, अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, बाळाची हालचाल कमी वाटली, तर घरी जाऊन बघू म्हणू नका. १०८ ला फोन करा किंवा थेट जवळचं रुग्णालय गाठा.

आणखी एक सांगते. ‘तू बसणार नाहीस ना, मग पिशव्या सांभाळ,’ असं म्हणून तिला दिवसभर बाकावर बसवू नका. आपल्या डोहाळजेवणात बाईला झोपाळ्यावर बसवतात, सजवलेल्या नावेत बसवतात. जुन्या बायकांनी तिची हौस नाकारली नाही, फक्त झोका हळू दिला. उद्यानातही मिरवणूक आहे, रोषणाई आहे, बसून बघायचे कार्यक्रम आहेत, गरम काहीतरी खायला आहे. घरातल्यांनी पाळीपाळीने तिच्यासोबत थांबावं. आकाशपाळणा पुढच्या वर्षीही असेल. यंदा घरातल्या पाळण्याची तयारी करायची आहे.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)