स्पोरादेस बेटांतील नौकासफर

ग्रीसच्या एजियन समुद्रात, वायव्येकडे असलेल्या स्कियाथोस, स्कोपेलोस आणि अलोनिसोस या पाइनच्या रानांनी झाकलेल्या बेटांमधून भाड्याच्या शिडाच्या नौकेने आठवडाभर फिरायचे असेल, तर आखणीची सुरुवात वाऱ्यापासून करावी; कारण जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून वाहणारा ‘मेल्तेमी’ हा कोरडा वारा निरभ्र आकाशातही जोर धरतो. नौका स्वतः हाकणाऱ्यास परवाना दाखवावा लागतो, नाहीतर तांडेल सोबत घेणे भाग पडते. स्कोपेलोसच्या पानोर्मोस खाडीत झाडी थेट पाण्याला भिडते, आणि तेथे नांगर टाकून नौकेची मागची बाजू दोराने काठावरच्या झाडाला बांधतात. अलोनिसोसभोवती १९९२ साली घोषित झालेल्या सागरी उद्यानात दुर्मीळ भूमध्यसागरी सील राहतात, त्यामुळे पिपेरी बेटाच्या ३ सागरी मैलांच्या आत पर्यटकांच्या नौकांना, रास्तच, मज्जाव आहे.