रेल्वेतली नोकरी आणि बास्केटबॉल

आज केरळच्या एका मुलीविषयी बोलतो. गीतू ॲना जोस, उंची सहा फूट दोन इंच. दक्षिण रेल्वेत नोकरी करत ती भारतासाठी बास्केटबॉल खेळली, कर्णधार झाली. ऑस्ट्रेलियात रिंगवूड क्लबकडूनही खेळली. २०११ साली अमेरिकेच्या डब्ल्यूएनबीएमधल्या तीन संघांनी तिला चाचणीसाठी बोलावले. करार मात्र झाला नाही. २०१४ चा अर्जुन पुरस्कार मिळाला.

मी स्वतः सरकारी नोकर, म्हणून असेल, पण मला यात रेल्वेचा पगार फार मोलाचा वाटतो. नुसत्या बास्केटबॉलवर घर चालवणे आपल्याकडे मुलींना कठीणच. महिन्याचा पगार असला की सराव टिकतो. दहावी आली म्हणून मुलीचे मैदान बंद करणाऱ्या पालकांनी क्रीडा कोट्यातल्या भरतीची जाहिरात एकदा वाचावी. अर्ज भरायला मी रविवारी मंडळात बसतो.