भिंतीवर पट्टे, पायापासून सुटलेली सावली: शॅडो मॅप दुरुस्त कसा करायचा?

मे महिन्यात अकोल्यात आपण सावली शोधत फिरतो, पण आज बोलायचं ते मोबाइलच्या स्क्रीनवरच्या सावलीबद्दल.

सध्या मी फावल्या वेळात नरनाळा किल्ल्याच्या महाकाली दरवाजाचं थ्रीडी मॉडेल करतोय. दगडात कोरलेली कमळं, पुढे आलेले सज्जे, जाळीकाम. हे कोरीवकाम डोळ्याला दिसतं ते सावलीमुळे. सावली गेली की कमळ गेलं, उरला सपाट दगड!

तर सावली बनते कशी? 1978 मध्ये लान्स विल्यम्स यांनी मांडलेली युक्ती आजही चालते. आधी सूर्याच्या बाजूनं एक चित्र काढायचं. त्यात रंग नाही, फक्त अंतर: प्रकाशाला सगळ्यात आधी काय लागलं आणि किती दूर. हाच शॅडो मॅप. मग स्क्रीनवरच्या प्रत्येक बिंदूला विचारायचं, भाऊ, तू नोंदलेल्या अंतरापेक्षा मागे आहेस का? असशील तर सावलीत.

आता गडबड काहून होते? कारण मॅपला चौकटी आहेत. 100 मीटरचा परिसर 2048 चौकटींत बसवला, तर एक चौकट जवळपास 5 सेंटिमीटरची. त्या 5 सेंटिमीटरसाठी अंतर एकच. ऊन तिरपं पडलं की चौकटीतले काही बिंदू नोंदीच्या मागे जातात आणि भिंत स्वतःवरच सावली पाडते. काळे-पांढरे पट्टे उठतात. याला म्हणतात शॅडो ॲक्ने, म्हणजे सावलीची पुटकुळी.

सोपा उपाय म्हणजे बायस. तुलनेत थोडी सूट द्यायची. पण किती? आपल्याच चौकटीचा हिशोब करा. ऊन आणि पृष्ठभागाचा लंब यांच्यात 45 अंश असतील तर अडीच सेंटिमीटर पुरतात. 80 अंशांना लागतात सुमारे 14. सगळीकडे 14 दिले तर पट्टे जातात, पण माणसाची सावली पायापासून सुटते. पीटर पॅनची सावली सुटली होती ना, म्हणून याचं नावच पीटर पॅनिंग. आणि दोन-चार सेंटिमीटर खोल कोरलेलं कमळ? ते पुसलंच जातं.

म्हणून बायसचा आकडा वाढवत बसू नका. या क्रमानं जा.

एक, परिसर आवळा. 100 ऐवजी 20 मीटर घेतले तर चौकट 1 सेंटिमीटरची होते आणि सूटही पाचपट कमी लागते. मॅप 4096 चा केला तरी चौकट लहान होते, पण मेमरी 16 एमबीवरून 64 वर जाते. 45 अंशांच्या उन्हात आधीच तापलेला स्वस्त फोन ते कसं झेपवणार?

दोन, बायस उताराप्रमाणे बदलू द्या. ऊन जितकं तिरपं, तितकी सूट जास्त.

तीन, नॉर्मल ऑफसेट. मॅपमध्ये बघण्याआधी बिंदू पृष्ठभागापासून बाहेर, साधारण एका चौकटीएवढा सरकवा. तिरप्या उन्हात हा फार कामाचा.

चार, कॅमेरा हलला की सावलीच्या कडेवर मुंग्या चालल्यासारख्या दिसतात. तेव्हा मॅपचा आकार कायम ठेवा आणि तो पूर्ण चौकटींच्या हिशोबानंच सरकवा. अर्धी चौकट नाही.

कडा मऊ करायचं काम सगळ्यात शेवटी. त्यासाठी पीसीएफ आहे, 1987 मध्ये पिक्सारमधून आलेलं. पण पट्टे लपवायला ते वापरू नका, लेकहो. पट्टे जात नाहीत, फक्त धुरकट होतात.

आणि तपासणी दोन वेळांवर करा. सकाळच्या उन्हात जमीन बघा. मग मेच्या शेवटच्या आठवड्यातली दुपार लावा, सव्वाबाराच्या सुमारास. तेव्हा आपल्याकडे सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर असतो, जमीन साफ दिसते आणि ऊन उभ्या भिंतीला घासून जातं. पट्टे असतील तर तिथेच उठतील. दोन्ही वेळा पट्टे नाहीत आणि कमळाच्या पाकळ्या मोजता येतात? मग झालं काम.

प्रश्न असतील तर पाठवा. भेटू पुढच्या भागात!