टिश्यूची केळीरोपे : घेण्याआधी विचारा, लावल्यावर जपा
(नभोवाणीवरील भाषण)



मृगबागेची तयारी सुरू झाली, की खानदेशात घरोघरी एकच प्रश्न निघतो : यंदा कंद लावायचे, की टिश्यूची रोपं आणायची? रावेर-यावलच्या पट्ट्यात आज पुष्कळ बागा टिश्यूच्याच आहेत. आणि तरीही कुणाची बाग एकसारखी निसवते, तर कुणाच्या बागेत दीड-दोन महिन्यांतच पानं पिवळी पडून रोपं उपटावी लागतात. असं का होतं, ते आज आपण समजून घेऊ.

टिश्यू म्हणजे ऊती, एकसारख्या पेशींचा समूह. वनस्पतीच्या लहानशा ऊतीपासून पूर्ण झाड तयार करायचं, याला ऊतिसंवर्धन म्हणतात. केळीला बी धरत नाही. म्हणून आपण पिढ्यान् पिढ्या मुनव्यांचे कंद लावत आलो. पण कंदाबरोबर त्याच्या अंगची दुखणीही आपल्या शेतात येतात. सूत्रकृमी येतात, कंद पोखरणारे सोंडकिडे येतात, मर रोगाची बुरशी येते. शिवाय कंद लहानमोठे, वय मागेपुढे. त्यामुळे बागही मागेपुढे निसवते आणि काढणी लांबत जाते.

आता रोप कसं तयार होतं ते पाहा. चांगला घड देणाऱ्या, जातिवंत केळीचा मुनवा घेतात. त्याचे पदर सोलत सोलत आतला शेंडा मोकळा करतात आणि तो निर्जंतुक करतात. मग साखर, क्षार, जीवनसत्त्वं आणि वाढीची संप्रेरकं घातलेल्या खळीसारख्या घट्ट खाद्यावर, बाटलीत, तो ठेवतात. खोलीचं तापमान सुमारे २५ अंश सेल्सिअस असतं आणि उजेड दिव्यांचा. शेंड्याला बाजूनं नवे कोंब फुटतात. तीन-चार आठवड्यांनी ते वेगळे करून नव्या बाटल्यांत ठेवतात, त्यांना पुन्हा कोंब फुटतात. हिशेब करा. एका कोंबाचे दर फेरीला तीन झाले, तर सहा फेऱ्यांत ७२९ होतात. शेवटी संप्रेरक बदलून मुळं आणवतात आणि रोप मातीत काढतात.

काही जण विचारतात, हे बीटी कापसासारखं आहे का? नाही. इथं जनुकात बाहेरचं काही घातलेलं नसतं. जी नाईनच्या शेंड्यापासून जी नाईनच तयार होते. ही मूळ झाडाची नक्कल आहे.

नक्कल चांगल्याची होते, तशी वाईटाचीही

बंधूंनो, खरी मेख इथंच आहे. निर्जंतुक केलेल्या शेंड्यातून बुरशी, सूत्रकृमी आणि सोंडकिडे गळून जातात. पण विषाणू पेशीच्या आत दडलेला असतो. बाहेरून धुऊन तो जात नाही. १९५२ साली फ्रान्समध्ये मोरेल आणि मार्टिन या शास्त्रज्ञांनी रोगट डेलियाच्या शेंड्याचा अगदी सूक्ष्म टोकाचा भाग वाढवून विषाणूमुक्त झाडं मिळवली. परंतु रोपं करण्यासाठी नेहमी घेतला जाणारा शेंडा त्याहून बराच मोठा असतो, आणि त्यात विषाणू राहू शकतो. मातृवृक्षच रोगी असेल, तर आत्ता आपण मोजलेली ७२९ रोपं रोगाची पेटी घेऊनच तुमच्या बांधावर उतरतील. म्हणून ‘बाटलीतून आलं म्हणजे निरोगीच’ असं धरून चालू नका. आईची तपासणी झाली असेल, तरच त्या रोपाचा भरवसा.

यासाठी केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागानं २००६ साली टिश्यूच्या रोपांना प्रमाणपत्र देण्याची पद्धत सुरू केली. तिच्यात मातृवृक्षाची आणि रोपांची विषाणूंसाठी तपासणी होते, आणि रोपं मूळ जातीचीच आहेत ना, हेही पाहिलं जातं.

पैसे देण्याआधी एवढं विचारा

पहिलं : मातृवृक्ष विषाणूंसाठी तपासला आहे का, आणि या खेपेच्या रोपांचं प्रमाणपत्र आहे का? कागद मागा. पावतीवर जात, खेपेचा क्रमांक आणि तारीख लिहून घ्या, आणि पावती बाग निघेपर्यंत जपून ठेवा.

दुसरं : बाटलीतल्या फेऱ्या किती झाल्या? फेऱ्या फार वाढल्या, की काही रोपं मूळ झाडाहून वेगळी निघू लागतात. कुठं बुटकी, कुठं अरुंद पानांची, कुठं पांढऱ्या-हिरव्या चट्ट्यांची. साधारण आठ फेऱ्यांपुढं जाऊ नये.

तिसरं : रोप काटक केलं आहे का? बाटलीतलं रोप म्हणजे सावलीत वाढलेलं पोर. त्याच्या पानावर मेणाचा थर पातळ असतो, पाणी धरून ठेवायची सवय नसते. आधी ओलसर हरितगृहात आणि मग पिशवीत, शेडनेटखाली, असे मिळून दोन-अडीच महिने ते वाढवावं लागतं. सुमारे एक फूट उंच, पाच-सहा निरोगी पानांचं, पांढऱ्या मुळांनी पिशवी भरलेलं रोपच घ्या. स्वस्त मिळतं म्हणून कोवळं रोप आणू नका.

लावणीच्या वेळी

पाच फूट बाय पाच फूट अंतर ठेवलं, तर एकरी सुमारे १७४० रोपं बसतात. शंभरेक रोपं जास्तीची आणून सावलीत ठेवा. नांग्या महिन्याच्या आतच भराव्यात, म्हणजे बाग एकसारखी राहते. उन्हाचा ताव कमी झाल्यावर, संध्याकाळी लावण करावी. पिशवी ब्लेडनं कापून काढावी, मातीचा गोळा फुटू देऊ नये, आणि रोप फार खोल दाबू नये. ठिबकनं ओल कायम ठेवावी, पण पाणी साचू देऊ नये. वाऱ्यासाठी कडेनं शेवरी लावावी.

एक गोष्ट मनात पक्की ठरवा. टिश्यूचं रोप निरोगी येतं, रोगाला दाद न देणारं नव्हे. उलट कोवळेपणी त्याला रोग लवकर धरतो. आपल्याकडे हरण्या म्हणतात तो विषाणू रोग मावा पसरवतो. ढगाळ, गार, पावसाळी हवेत त्याला जोर येतो. पानावर पिवळे पट्टे दिसतात, पानं आखडतात, पुढं पोंगा सडतो. विषाणूवर औषध नाही. मावा सोंड टोचतो तेवढ्या वेळात विषाणू रोपात जातो, त्यामुळे निव्वळ फवारणीनं हा रोग थांबत नाही. म्हणून केळीत किंवा शेजारी काकडी, भोपळा, मिरची, टोमॅटो, वांगी घेऊ नका. बांधावरचं तण काढा. पहिले दोन महिने रोज एक फेरी मारा. रोगट रोप दिसलं, की मुळासकट उपटून बागेबाहेर खोल पुरा. एका रोपाची दया करू नका, तेच सगळ्या बागेला भोवतं. आणि शेजाऱ्यालाही सांगा. मावा बांध ओळखत नाही.

परप्रांतातून कंद तर मुळीच आणू नका. जी नाईनलाही धरणारी मर रोगाची नवी जात बिहार आणि उत्तर प्रदेशात आढळली आहे. ती कंदाबरोबर आणि मातीबरोबर पसरते, आणि एकदा आली की वर्षानुवर्षं जमिनीत राहते. आपल्याच टिश्यूच्या बागेतले मुनवे काढून दुसऱ्या शेतात लावले, तर तेही कंदच झाले. बागेत शिरलेली रोग-कीड त्यांच्याबरोबर जाणार.

हीच विद्या इतर पिकांतही कामी येते. उसात टिश्यूच्या रोपांपासून शुद्ध बेणं तयार करतात. डाळिंब, जरबेरा, बटाट्याचं बियाणं, सगळीकडे तत्त्व एकच.

तेव्हा भाव विचारण्याआधी रोपाची आई विचारा, कागद पाहा, काटक रोप घ्या, आणि पहिले दोन महिने डोळ्यांत तेल घालून जपा. शंका आली, तर जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा जळगावच्या केळी संशोधन केंद्रात रोगट पान घेऊन जा. तुमची बाग एकसारखी निसवो.